उघडे टॅब आणि बुद्धीचे फाटे

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 41



या श्लोकातला ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा नाही बरं का, निश्चय. ज्याचा निश्चय झालाय त्याची बुद्धी एकाच जागी असते. ज्याचा नाही, त्याच्या बुद्धीला फाटे फुटतच राहतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

हे फाटे डोळ्यांनी बघायचे असतील तर सावेडीतल्या एखाद्या अभ्यासिकेतला लॅपटॉप बघा. एमपीएससीची जाहिरात, जुन्या प्रश्नपत्रिका, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म, पुण्यातल्या रूमचं भाडं, अर्धवट पाहिलेलं लेक्चर. टॅब इतके बारीक की नाव वाचताच येत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये टॅब शंभर झाले की आकडा जाऊन हसरा चेहरा येतो! पण फॉर्मची शेवटची तारीखही त्याच गर्दीत कुठेतरी दडलेली असते, आणि तारीख गेली की वर्ष जातं.

आपण टॅब बंद का करत नाही? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये यावर अभ्यास मांडला. बंद केलं की हातचं जाईल ही भीती, आणि उघडा टॅब म्हणजे राहिलेल्या कामाची आठवण, ही त्यातली दोन मोठी कारणं. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड. ‘करू’ किंवा ‘नाही करणार’ हे न ठरवता बाजूला ठेवलेली ती गोष्ट असते. भीतीवर इलाज सोपा आहे : कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा, नुकताच बंद केलेला टॅब परत येतो. मेमरी सेव्हर लॅपटॉपचा भार हलका करतो. ठरवायचं मात्र आपल्यालाच.

आणि दहा टॅब म्हणजे दोष, असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये माऊलींनी गीतेवर भाष्य केलं. सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या! दृष्टांतांवर दृष्टांत येतात, पण प्रत्येक जण समोरच्या श्लोकाला धरून असतो. एकाच विषयाचे दहा टॅब असतील तर त्यांचा एक ग्रुप करा, खुशाल राहू द्या.

आज हरिपाठाला बसण्याआधी एवढं करून बघा. ज्या टॅबला तारीख आहे ती कॅलेंडरमध्ये टाका, दोन दिवस आधीच्या आठवणीसह. मग कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबून बाकी सगळे टॅब बुकमार्कच्या एका फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरला आजची तारीख द्या आणि खिडकी बंद करा. उद्या सकाळी जो विषय घेणार आहात, तेवढाच उघडा.