पोराच्या डबीतली नाणी

गेल्या दिवाळीत विट्याचा एक बाप माझ्याकडे आला. कोईमतूरला त्याचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं, दुकान. वर्षातनं दोनदा गावी येणार, दिवाळीला आणि जत्रेला. पोरगं इथं आजीजवळ, नववीत. समोरचा चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "सर, तुम्ही इतिहास शिकवला तवापासनं पोराला नाण्यांचं याड लागलंय. आज्जीच्या शिवराया घेतल्या, खाऊच्या पैशातनं पुण्याच्या प्रदर्शनातनं एक रोमन नाणं आणलं. आता फोनवर मलाच सांगतोय, बाबा, जुनी नाणी मुशीत टाकू नका. आमचं पोट मुशीवर हाय, सर. तुम्हीच समजावा त्याला."

पोराला मी काहीच समजावलं नाही. बापाशी मात्र तासभर बोललो. तेच बोलणं आज तुम्हा सगळ्या आईबापांपुढे ठेवतो आहे, कारण सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत असं एखादं डबी जपणारं पोर असतं, आणि त्याच्याशी काय बोलावं हे घरात कुणालाच कळत नाही.

मी त्या बापाला आधी एवढंच विचारलं, "तुमच्या कोईमतूरच्या आसपास रोमन चांदीच्या नाण्यांचे साठे सापडले आहेत, ठाऊक आहे का?" त्यांना ठाऊक नव्हतं. पोराला होतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमची गलबतं मिऱ्यांसाठी दक्षिणेच्या किनाऱ्याला लागत. बदल्यात सोनं आणि चांदी येई. हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवली आहे. साठ्यांत सापडणारी ती चांदीची नाणी म्हणजे दिनारियस. आपल्या जुन्या लेखांतला 'दीनार' तिथूनच आला.

पुढची गोष्ट गलाईवाल्याला सांगण्यासारखीच होती. इ.स. ६४ च्या सुमारास नीरो बादशहानं दिनारियसचं वजन घटवलं आणि चांदीत हीण वाढवलं. आपल्याकडे सापडलेल्या साठ्यांत बहुतेक चांदीची नाणी त्याच्या आधीच्या ऑगस्टस आणि टायबेरियसची आहेत. इथल्या व्यापाऱ्यांना जुनी, चोख चांदी पसंत होती, असा अर्थ अभ्यासक यातून काढतात.

तो गृहस्थ सरसावून बसला. "म्हंजे तवा बी कस बघूनच माल घेत हुते?"

"होय. तुमचं पोरगं तुमच्याच धंद्याचा इतिहास वाचतंय. तुम्हाला सांगावं कसं, हे त्याला कळत नाही."

आईबाबांनो, ग्रीक-रोमन नाण्यांचा छंद म्हटलं की हे परक्यांचं खूळ वाटतं. पण जरा घरातच पाहा. आपण 'दाम' म्हणतो तो ग्रीक 'द्राख्मे'पासून आला. मध्ये शिलाहारांच्या लेखांतला 'द्रम्म' आहे. आजीच्या गळ्यातल्या पुतळीमाळेचं मूळ नाण्यांतच आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवर माणसांच्या आकृती असत, म्हणून आपल्या बायकांनी त्यांना पुतळ्या म्हटलं. आणि शाळेच्या हजेरीत एखादा मिलिंद असतोच. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक अक्षरं आहेत, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महाराजस' असा प्राकृत मजकूर.

याहून जवळचं उदाहरण नाशिकचं आहे. १९०६ साली जोगळटेंभीला एका साठ्यात तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. नाणी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण ती अक्षरं लावून वाचली की उमटते ती प्राकृत. लिपी ग्रीक आणि बोली आपल्या मराठीच्या पणजीची. यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारला आहे. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या राजाचं चैत्याचं चिन्ह! नहपानाचा पराभव पुस्तकात एका ओळीत संपतो. तोच पराभव पोराला नाण्यावर भिंग धरून पाहता येतो.

म्हणून पहिली विनंती. पोरानं नाणं दाखवलं की "किती किंमत येईल?" असं विचारू नका. आपल्या सगळ्यांच्या तोंडी आधी तोच प्रश्न येतो, पण त्यानं पोराची नजर नाण्यावरून बाजारभावाकडे वळते. "हा कोण? ह्याच्या हातात काय आहे? ह्यावर काय लिहिलंय?" असं विचारा. उत्तर त्याला येत नसेल तर रात्री शोधेल आणि सकाळी तुम्हाला उठवून सांगेल.

दुसरी विनंती पैशाची. छंदाला पैसा लागतो, पण थोडाच. महिन्याची एक छोटी रक्कम ठरवून द्या आणि त्यापुढे उधारी नाही म्हणून सांगा. वर्षाला दोन नाणी घेतली आणि दोन्हींचा अभ्यास झाला, तर पुष्कळ झालं. चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी जगात अमाप सापडतात. झिजलेलं एखादं पोराच्या आवाक्यात येतं. नाणं ओळखीच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका, कारण साच्यातून ओतलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत. "तुमचं जुनं नाणं लाखांत विकून देतो, आधी शुल्क भरा" असं सांगणाऱ्यांपासून तर घरातल्या मोठ्यांनीही जपावं. अशा फसवणुकीबद्दल २०२१ साली रिझर्व्ह बँकेनं लोकांना जाहीर सावध केलं होतं.

तिसरी गोष्ट संस्काराची. नांगरताना किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली तर ती आपली नव्हेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी, नाणं कुठे, कशाजवळ, किती खोल मिळालं ही माहिती एकदा गेली की त्याची अर्धी गोष्ट संपली, हे पोराला सांगा. आणि चिंच-मीठ लावून जुनं नाणं कधीच घासायला देऊ नका. त्यावरचा हिरवा-काळा थर शतकांनी चढवलेला असतो. तो गेला की अक्षरंही जातात. नाणं कडेला धरायचं, कागदी पाकिटात ठेवायचं आणि पाकिटावर कुठून, कधी मिळालं ते लिहायचं.

आणि एखाद्या रविवारी पोराला घेऊन कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या टेकाडात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, काशाची छोटी मूर्ती सापडली. ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. पंचगंगेच्या काठी समुद्रदेव कसा पोचला, हे त्याला विचारा आणि मग गप्प बसून ऐका.

त्या बापाला मी शेवटी सांगितलं, "मूस बंद करू नका. फक्त मोडीत आलेलं नाणं मुशीत जाण्याआधी एकदा पोराला दाखवा."

दोन महिन्यांनी त्यांचा कोईमतूरहून फोन आला. मोडीत एक राणीछाप रुपया आला होता. त्यांनी मोबाईलवर पोराला दाखवला. पोरगं म्हणालं, "बाबा, राणीच्या नावानंतर एम्प्रेस लिहिलंय, म्हणजे १८७७ किंवा त्यानंतरचा. असे कोट्यवधी निघाले, दुर्मीळ नाही. पण कस सांगू? बारा भागांत अकरा भाग चांदी."

"मग?" मी विचारलं.

"कस लावून बघितला, सर. बरोबर निघाला." थोडं थांबून ते म्हणाले, "आता रोज रात्री नऊला फोन असतो त्याचा. आधी आठवड्यातनं एकदा असायचा, 'पैसे पाठवा' म्हणून."