जुना ट्रॅक्टर ओढत नाही? इंजिन खोलण्याआधी हे पाहा

पवनी तालुक्यातील कोंढा आणि आसपासची गावे धानाची. रोवणीच्या दिवसांत चिखलणीसाठी बांधीत उतरणारे ट्रॅक्टर पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांचे जुने असतात. अशा वेळी ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला, तर बांधीतले पाणी जाते आणि पऱ्हे वाढून बसतात. म्हणून ‘भाई, गाडीले दम नाही’ म्हणत गिऱ्हाईक दारात आले की मिस्त्रीवर घाई येते. घाईत निकाल ठरलेला असतो : ‘इंजिन बसले, बोअर करावे लागेल.’

आमच्या हातूनही एकदा हेच झाले. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर रिकामा नीट चाले, पण चिखलात अर्ध्या तासाने गळून जाई. आम्ही हेड उतरवले. व्हॉल्व्ह, गॅस्केट सर्व ठीक. पुन्हा जोडल्यावर तोच रोग. शेवटी डिझेल टाकीचे झाकण सैल केले, तेव्हा आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि इंजिनने वेग धरला. झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले होते. आम्ही मजुरी घेतली नाही. पण त्याचे वाया गेलेले तीन दिवस परत देता आले नाहीत.

तेव्हापासून आम्ही एक क्रम धरला आहे. फुकटाची तपासणी आधी, पान्याची नंतर, खर्चाची शेवटी.

पहिले काम विचारण्याचे. दम एकाएकी गेला की हळूहळू? एकाएकी गेला तर बहुधा डिझेलचा मार्ग अडलेला असतो. दोन-तीन हंगामांत हळूहळू गेला तर झीज. इंजिनाचा आवाज कायम राहून ट्रॅक्टर जागीच थांबत असेल, तर दोष इंजिनात नाही, क्लच घसरतो आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण ओढल्यावर पंपाचा दांडा शेवटपर्यंत जातो की नाही, हेही पाहावे.

दुसरे, धूर पाहावा. दम नाही आणि धूरही नाही, तर डिझेल कमी पोचते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नोझल खराब. गरम इंजिनातून पांढरा धूर आला तर डिझेलमध्ये पाणी, कमी कॉम्प्रेशन किंवा चुकलेले टायमिंग. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

काळ्या धुराला एअर क्लीनर उघडावा. मळणीचा भुसा जाळीत बसतो. ऑइलबाथ असेल तर ऑइल खुणेपर्यंतच भरावे. कमी भरले तर धूळ आत जाते, जास्त भरले तर ऑइल इंजिनात ओढले जाते.

डिझेल कमी पडत असेल तर टाकीपासून पंपापर्यंत क्रमाने चालावे : झाकणाचे छिद्र, टाकीची जाळी, फिल्टर, फीड पंप, नळीचे जोड. पंपाकडे येणारी नळी सोडून फीड पंप हाताने मारावा. धार भरून आणि बुडबुड्याशिवाय यावी. बुडबुडे आले तर कुठेतरी हवा शिरते आहे. तांब्याचे वॉशर बदलावेत आणि हवा काढावी. पावसाळ्यात बांधावर ठेवलेल्या डब्यातल्या डिझेलमध्ये पाणी असते, हे विसरू नये.

यानंतर सिलिंडर. इंजिन मंद चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करावा. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष सोबत गेला तर इंजेक्टर खराब. दोष जागेवर राहिला तर टॅपेटचे अंतर आणि कॉम्प्रेशन तपासावे. नळीतून उडणाऱ्या धारेपुढे हात मुळीच नेऊ नये. ती धार कातडी भेदून आत शिरते; जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

कॉम्प्रेशन गेजवर कमी भरले, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभरच ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग किंवा लायनर झिजले. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आता इंजिन खोलायला कारण मिळाले.

एक काम मात्र कोणी करू नये. दम वाढवण्यासाठी पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवणे. चार दिवस गिऱ्हाईक खूश होते, पण जास्तीचे डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो, इंजिन तापते आणि पिस्टनवर बेतते. पंपाचे काम टेस्ट बेंचवरच व्हावे.

एचएमटीसारख्या यंत्राबाबत आणखी सावध राहावे. त्याच्या पिंजोर येथील ट्रॅक्टर कारखान्याला बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. म्हणून चांगला भाग विनाकारण काढून बिघडवणे महागात पडते.

कारागीर बंधूंनो, झाकण साफ करण्याची मजुरी थोडी असते आणि बोअरची मोठी. पण थोडक्यात काम करून देणाऱ्या मिस्त्रीकडेच गिऱ्हाईक पुढच्या रोवणीला परत येते, आणि शेजाऱ्यालाही घेऊन येते.