अशीर्षक कलाकृती : मर्ढेकर आणि गायतोंडे

कवितेला शीर्षक असावे, हा संकेत मराठीत तसा अर्वाचीनच होय. तुकारामांचे अभंग आजही आरंभीच्या शब्दांनी ओळखले जातात. पाठ्यपुस्तकांत त्यांच्या माथी दिसणारी शीर्षके संपादकांची असतात. इंग्रजी कवितेच्या परिचयानंतर हा संकेत रुजला आणि केशवसुतांनी (१८६६–१९०५) त्याचे सोने केले. ‘झपूर्झा’ हा शब्द कोशातील अर्थाने उलगडत नाही. शीर्षस्थानी येऊन तो कवितेचाच अवयव होतो.

मर्ढेकरांनी ही वाट सोडली. ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) ही संग्रहनामेच जवळजवळ निनावी; आत कवितांना केवळ क्रमांक. हा लहरीपणा नव्हे. साहित्याचे सौंदर्य भावनात्मक अर्थांच्या लयबद्ध संघटनेत शोधणाऱ्या या सौंदर्यमीमांसकाला, आशय अगोदरच सांगून टाकणारे शीर्षक अडचणीचे वाटले असल्यास नवल नाही. वाचकांनी मात्र पहिल्या ओळीचेच नाव केले, आणि मर्ढेकर पुन्हा अभंगांच्या पंक्तीला जाऊन बसले! अनुवादात वाक्यरचना बदलली की तेही नाव हरवते.

चित्राला तर पहिली ओळच नसते. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची उत्तरकालीन चित्रे बहुधा ‘शीर्षकहीन’ एवढ्या शब्दाने आणि सालानेच सूचीत नोंदली जातात. अभ्यासकाची गैरसोय होते, हे खरे. परंतु त्या रंगथरांना ‘पहाट’ म्हटले असते, तर प्रेक्षकाने पहाटच पाहिली असती. निर्मात्याने मोकळी ठेवलेली जागा सूचीकाराने भरणे म्हणजे अर्थनिर्णयच करणे होय. कवितेपुरते बोलायचे, तर अनुवादकाने आरंभीचे मूळ शब्द लिप्यंतरित करून द्यावेत व स्वतःचे शब्द कंसात ठेवावेत.