लायब्ररी तुझी, डेटा परक्यांचा

अगं, तुझा उत्साह कळतोय मला. सी भाषेतली छोटीशी की-व्हॅल्यू डेटाबेस लायब्ररी, मोजक्या फाइली, एक मेकफाइल. संध्याकाळी बसलं की रात्री डेबियनचं पॅकेज तयार, असंच ना? होतंही तसं. डेबहेल्पर आता इतकं हुशार झालंय की बिल्ड करण्यात फारसं काही उरलेलंच नाही. पुढे काय काय अंगावर येतं ते मात्र सुरुवातीला कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

सगळ्यात कंटाळवाणं काम आधी उरक. एकेक फाइल उघडून वरची परवान्याची ओळ वाच. मुख्य लायब्ररी बीएसडी परवान्याची असते आणि कोपऱ्यात कुणाची तरी उचललेली हॅशिंगची फाइल भलत्याच परवान्याची निघते. कॉपीराइटच्या फाइलीत तिची नोंद नसली तर नव्या पॅकेजांच्या रांगेतून एफटीपीमास्टर मंडळी सगळं परत पाठवतात, आणि बरोबरच करतात. बर्कली डीबीचं काय झालं ते आठव. स्लीपीकॅट ही तिची कंपनी २००६ मध्ये ओरॅकलने घेतली आणि २०१३ मध्ये ६.० आवृत्तीला एजीपीएल परवाना लावला. एजीपीएल डेबियनला चालतो, तो प्रश्नच नव्हता. पण ही लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामांपर्यंत त्या अटी पोचणार होत्या, आणि वापरणाऱ्यांत पोस्टफिक्सपासून पर्लपर्यंत सगळे. डेबियन ५.३ वरच थांबलं, पुढे गेलंच नाही.

आता एलएमडीबीचं सोर्स पॅकेज उतरवून घे आणि त्यातलं डेबियन फोल्डर शेजारी उघडं ठेव. शिकायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. हॉवर्ड चू यांनी ओपनएलडॅपसाठी, बर्कली डीबीची कटकट संपवायला लिहिलेली ही लायब्ररी २०११ मध्ये आली. आकाराने आटोपशीर, काम चोख. पण मूळ मेकफाइल बघ: तयार होणाऱ्या लायब्ररीला सोनेमच (पिढीच्या आकड्यासह आत कोरलेलं नाव) दिलेलं नाही. म्हणजे तिच्याशी जोडलेल्या प्रोग्रामला आपण नेमक्या कोणत्या पिढीच्या लायब्ररीवर उभे आहोत हे सांगायची सोयच नाही. डेबियनने ते स्वतः घातलं, म्हणून पॅकेजचं नाव लिबएलएमडीबी-० आहे. ते शेवटचं शून्य शोभेला नाही हं. उद्या लेखकाने एखाद्या स्ट्रक्चरमध्ये मधेच एक फील्ड घुसवलं, तर जुने प्रोग्राम काही न बोलता चुकीच्या जागची मेमरी वाचू लागतील. अशा वेळी आकडा एकाने वाढवायचा, नवं नाव, नवं पॅकेज, आणि हो, पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचं. जुनी आणि नवी लायब्ररी एकाच मशीनवर सुखाने राहिल्या पाहिजेत. म्हणून हेडर फाइल वेगळ्या डेव्ह पॅकेजमध्ये आणि डंप-लोडची अवजारं लायब्ररीबाहेर, तिसऱ्याच पॅकेजमध्ये. नवशिके सगळं एकाच पॅकेजमध्ये कोंबतात. तू तसं करू नकोस.

पण खरी मेख पुढे आहे. सोनेम फक्त कोडबद्दल बोलतं, डिस्कवरच्या फाइलीबद्दल ते चकार शब्द काढत नाही. इमेज उघडणारी लायब्ररी बदलली तर बदलली. डेटाबेसची बदलली आणि फाइलीचा फॉरमॅटही बदलला, तर कुणाच्या तरी ऑफिसातला सर्व्हर अपग्रेडनंतर सोमवारी सकाळी उठणारच नाही. तुझ्या पॅकेजला त्या फाइली कुठे आहेत हेही माहीत नसतं, त्या शेकडो प्रोग्रामांच्या पोटात विखुरलेल्या असतात. तेव्हा इन्स्टॉल स्क्रिप्टमधून परस्पर कन्व्हर्ट करायचा मोह झाला तरी आवर. ते काम त्या डेटाच्या मालकाचं. ओपनएलडॅपच्या सर्व्हरचं पॅकेज, स्लॅपडी, बघ कसं करतं: फॉरमॅट जुळत नसला तर अपग्रेडच्या आधी आख्खी डिरेक्टरी जुन्या अवजाराने मजकुरात उतरवून ठेवतं आणि नंतर नव्याने भरतं. आपण एवढंच करायचं की बदल होणार हे बातम्यांच्या फाइलीत ठळक लिहायचं आणि वापरणाऱ्या पॅकेजांच्या मंडळींना आधी कळवायचं. आधी म्हणजे खरंच आधी, अपलोड झाल्यावर नव्हे.

तुझ्या लॅपटॉपवर टेस्ट पास झाल्या म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. डेबियनमध्ये एस-३९०-एक्स आहे, तिथे बाइटचा क्रम उलटा. ३२ बिटची मशीनंही आहेत, आणि फाइल सरळ मेमरीत मॅप करणाऱ्या लायब्ररीला तिथे जागाच पुरत नाही. एलएमडीबी ०.९ ची ६४ बिटवर केलेली फाइल ३२ बिटवर उघडत नाही. कुठल्याशा आर्किटेक्चरवर टेस्ट पडली की ती गुपचूप बंद करणारे मी पाहिलेत. डेटाबेसच्या बाबतीत हा शुद्ध अगोचरपणा आहे. आणि मेकफाइलीत मार्च-नेटिव्ह दिसलं की आधी काढ, नाहीतर बिल्ड मशीनवर छान चालणारं पॅकेज जुन्या प्रोसेसरवर सुरू होताक्षणी मरेल. रॉक्सडीबीला यासाठी पोर्टेबल असा खास पर्यायच द्यावा लागतो.

कधीकधी लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामच्या लेखकांकडून उलटा आग्रह येईल: आमच्या प्रोग्राममधली कॉपीच वापरा, तुमची नको. डेबियनला असं आत कोंबलेलं कोड आवडत नाही, कारण सुरक्षेची दुरुस्ती दहा ठिकाणी करावी लागते. तरी ऐकून घे. २०१३ च्या मार्चमध्ये बिटकॉइनची साखळी काही तास दुभंगली. जुन्या आवृत्तीत बर्कली डीबी होती, तिची लॉकची मर्यादा एका मोठ्या ब्लॉकने ओलांडली. नव्या आवृत्तीत लेव्हलडीबी होती, तिने तोच ब्लॉक निमूट स्वीकारला. त्यानंतर बिटकॉइनवाले सिस्टिमची लेव्हलडीबी वापरू नका म्हणाले, तर त्यात नुसता हेका नव्हता. तिथे लायब्ररीच्या खोडीसुद्धा सगळीकडे सारख्याच असाव्या लागतात.

बाकीचं येईल हळूहळू. पॅकेज तपासणारं लिंटियन कुरकुर करेल, ती वाचायची सवय होते. अपलोड करून देणारा स्पॉन्सर मिळायला वेळ लागतो, रुसू नकोस. २०२३ मध्ये डेबियनचं संमेलन, डेबकॉन्फ, कोचीला झालं तेव्हापासून आपल्याकडे विचारायला माणसंही दिसू लागलीत. आयटीपी, म्हणजे पॅकेज करायचा इरादा जाहीर करणारी नोंद, टाकण्यापूर्वी मात्र त्या लायब्ररीचं नाव बग ट्रॅकरमध्ये नीट शोध. कुणीतरी अर्ध्यावर सोडलेलं काम बरेचदा तिथे पडलेलं असतं. सापडलं तर शून्यापासून सुरू करू नकोस. त्या माणसाला आधी चार ओळी लिही आणि उत्तराची वाट बघ.