दीर्घ दुखण्यांत धीर कसा धरावा?

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एका दुखण्याचें नांव हल्लीं वारंवार कानीं येतें. तें उच्चारतांना माणसें आवाज लहान करितात. कित्येक घरीं तर नांव न घेतां "तसलें दुखणें" एवढेंच म्हणतात. तें दुखणें म्हणजे कर्करोग. त्याचा उपचार एका दिवसांत संपत नाहीं. तो महिनोगणती चालतो, आणि रोग्यास रुग्णालयाची वाट पुनःपुन्हां धरावी लागते. अशा वेळीं रोग्यानें आपलें मन कसें राखावें, आणि त्याच्या भोवतालच्या आपण सर्वांनीं काय बोलावें व काय करावें, याचा विचार आजच्या धड्यांत करावयाचा आहे.

प्रथम एक हकीगत सांगतों. आमच्या परिचयाची एक विधवा बाई मजुरीवर घर चालवीत असे. तिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढें औषधाचे आठ डोस घ्यावयाचे ठरले. तीन डोस कसेबसे झाले. चवथ्यासाठीं ती रात्रभर प्रवास करून गेली, तेव्हां रक्त तपासून डॉक्टरांनीं सांगितलें, "आज औषध देतां येत नाहीं, पुढच्या आठवड्यांत या." ती रिकाम्या हातानें परत आली. मग घरीं भेटीस येणाऱ्यांची रांग लागली. एक म्हणाला, "बाई, हंसत राहा, मन खंबीर असलें म्हणजे रोग पळून जातो." दुसरी म्हणाली, "तुम्ही रडतां, म्हणून औषध लागूं पडत नाहीं." शेवटीं उपदेशक आले. त्यांनींही तसेंच कांहीं बोलावयास आरंभ केला, तेव्हां बाई म्हणाली, "मास्तर, मला हंसायला सांगूं नका. हंसूं आलं तर मी आपली आपण हंसेन. पण सोमवारीं पहाटेच्या गाडीला मला कोणी सोडायला येईल का, तेवढं बघा."

आजचा सर्व धडा या बाईच्या बोलण्यांत आला आहे. आतां तो क्रमानें पाहूं.

१. उपचार लांबतो तो कां?

आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. या पेशी नियमानें वाढतात व नियमानें थांबतात. कांहीं पेशींचा हा नियम सुटला आणि त्या बेसुमार वाढूं लागल्या, म्हणजे कर्करोग होतो. तो कोणाच्या करणीनें होत नाहीं, आणि अमक्या पापाचें शासन म्हणूनही होत नाहीं. रोग्यास शिवल्यानें किंवा त्याच्या ताटांत जेवल्यानें तो लागत नाहीं. म्हणून रोग्याचें भांडें निराळें ठेवणें हा अज्ञानाचा व निर्दयपणाचा प्रकार होय.

उपचाराचे मुख्य प्रकार तीन: शस्त्रक्रिया, किरणांचा उपचार, आणि औषधांचा उपचार, ज्यास लोक केमो म्हणतात. किरण बहुधा आठवड्यांतून पांच दिवस, असे कित्येक आठवडे द्यावे लागतात. केमोचें औषध झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतें. परंतु केंसांचीं मुळें, तोंडाच्या आंतील त्वचा, आणि हाडांतील मगज जेथें रक्त तयार होतें, याही जागीं पेशी झपाट्यानेंच वाढतात. म्हणून केंस गळतात, तोंड येतें, आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. डोस घेतल्यापासून सुमारें सात ते चौदा दिवसांत त्या सर्वांत कमी असतात, मग पुन्हां भरून येतात. त्यासाठींच दोन डोसांमध्यें अंतर ठेवितात; पुष्कळ वेळां तें तीन आठवड्यांचें असतें.

हरळी एका खुरपणीनें जात नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. आणि खुरपतांना पिकाच्या मुळासही धक्का बसतो, म्हणून पिकास सांवरावयास मध्यें दिवस द्यावे लागतात, हेंही त्यास ठाऊक आहे. या उपचाराची रीत तशीच आहे. तेव्हां रक्त कमी भरलें म्हणून डोस पुढें ढकलला, तर औषध हरलें असें समजूं नये. डॉक्टर शरीराच्या राखणदारांची वाट पाहत आहेत, इतकाच त्याचा अर्थ. वारंवार रुग्णालयांत जावें लागणें ही हार नव्हे; उपचाराची घडणच तशी आहे. केंस गळाले तरी उपचार संपल्यावर कांहीं महिन्यांत ते बहुधा पुन्हां येतात.

येथें एक गोष्ट प्रत्येक घरानें पक्की लक्षांत ठेवावी. केमो चालू असतां ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट पाहूं नये, व घरची गोळी देऊन स्वस्थ बसूं नये. त्याच घटकेस डॉक्टरांस कळवावें व रुग्णालय गांठावें. कारण राखणदार कमी असतां लहानसा संसर्गही जिवावर बेततो.

डोस पुनःपुन्हां देण्याची ही रीत मोठ्या कष्टानें सांपडली आहे. १९४८ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांस एक नवें औषध दिल्याचें प्रसिद्ध केलें. कांहीं मुलांचा रोग मागें हटला, परंतु तो टिकून राहिला नाहीं, पुन्हां परतला. पुढें एकाच्या जागीं अनेक औषधें, आणि तीं ठरलेल्या अंतरानें पुष्कळ दिवस देण्याची पद्धत बसली. मुलांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार आज दोन ते तीन वर्षें चालतो, आणि जेथें तो पूर्ण मिळतो तेथें बहुतेक मुलें बरीं होतात. एकाच खेपेवर भागलें असतें तर या मुलांची पुढची गोष्ट सांगावयास उरलीच नसती.

२. हंसण्यानें रोग बरा होतो काय?

मन आनंदी ठेविलें म्हणजे रोगी जगतो आणि खचला म्हणजे मरतो, असें पुष्कळांचें मत आहे. या मताची विद्वानांनीं नीट परीक्षा केली आहे. २००७ सालीं अमेरिकेंतील जेम्स कॉइन व त्यांच्या सोबत्यांनीं डोकें व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचें मन उल्हसित होतें ते अधिक जगले आणि जे खिन्न होते ते कमी, असें त्यांत आढळलें नाहीं. त्यापूर्वीं २००१ सालीं कॅनडांत स्तनाचा कर्करोग शरीरांत पसरलेल्या २३५ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यांतील पुष्कळ स्त्रिया नियमानें एकत्र बसून आपलें दुःख मोकळेपणीं बोलत असत. या बैठकींनीं त्यांचें आयुष्य वाढलें नाहीं; परंतु मनाचा भार हलका झाला, व दुखण्याची वेदना कमी भासूं लागली.

यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही कीं, रडल्यानें रोग वाढत नाहीं. म्हणून "तूं रडतोस म्हणून बरा होत नाहींस" असें रोग्यास म्हणणें हें खोटें आहे, आणि क्रूरही आहे. रोगाचा भार त्याजवर आहेच. त्यावर आपण अपराधाचा धोंडा आणखी ठेवूं नये. दुसरी ही कीं, सोबत वायां जात नाहीं. सोबतीनें आयुष्याचे दिवस वाढोत वा न वाढोत, आहेत ते दिवस सुसह्य होतात.

३. मग धीर म्हणजे काय?

आमच्या मतें धीर म्हणजे पुढची तारीख न चुकविणें. मनांत भीति असेल, डोळ्यांत पाणी असेल, अन्न कडू लागत असेल. तरी ठरल्या दिवशीं जो उठून गाडींत बसतो तो धीराचा मनुष्य होय. पैसा संपल्यामुळें, अंतरामुळें, किंवा थोडें बरें वाटूं लागल्यामुळें पुष्कळ रोगी उपचार अर्ध्यावर सोडतात, आणि सोडलेला उपचार रोगास वाट करून देतो.

रोग्यानें करावयाच्या कांहीं सोप्या गोष्टी सांगतों.

सर्व कागद एका पिशवींत क्रमानें ठेवावे, आणि एक वही करावी. डोसाची तारीख, ताप, उलटी, झोंप, दुखणें हें त्या वहींत रोज दोन ओळींत टिपावें. डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्नही तींतच लिहावे, कारण त्यांच्यासमोर गेल्यावर आठवण राहत नाहीं. ज्यास लिहितां येत नाहीं त्याच्यासाठीं शाळेंत जाणाऱ्या मुलानें लिहावें.

सर्व वर्षाची काळजी एके दिवशीं वाहूं नये. आजचा दिवस, आणि फार तर पुढचा डोस, एवढेंच माप घ्यावें.

हातून होईल तें एखादें काम आपलें म्हणून ठेवावें: धान्य निवडणें, नातवाचा पाढा घेणें, दारच्या तुळशीस किंवा मोगऱ्यास पाणी घालणें. घरच्यांनीं मायेनें का होईना, सर्वच कामें हातून काढून घेतलीं, तर रोग्यास आपण निरुपयोगी झालों असें वाटूं लागतें.

दुखत असेल तर तें लपवूं नये. आणि दोन आठवड्यांहून अधिक दिवस मन अगदीं बुडालें, कशांतच गोडी वाटेना, जीव नकोसा झाला, तर तेंही डॉक्टरांस सांगावें. त्यालाही उपचार आहे, व तो मागण्यांत कमीपणा नाहीं.

४. सोबत्यांचें कर्तव्य

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. ते आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर कांहीं न बोलतां बसले. तोंवर ते खरे मित्र होते. त्यांनीं तोंड उघडून त्याच्या दुःखाचें कारण त्याच्याच दोषांत शोधावयास आरंभ केला, तेव्हां ते दुःखदायक झाले. रोग्याच्या घरीं जाणाऱ्या प्रत्येक उपदेशकानें ही गोष्ट ध्यानीं धरावी. थोडें बोलावें, पुष्कळ ऐकावें, आणि उठण्यापूर्वीं "पुढची तारीख कधीं आहे? बरोबर कोण जाणार?" हें अवश्य विचारावें. प्रार्थना करावी, पण औषध सोडून केवळ प्रार्थनेवर राहा, असें कोणास कधींही सांगूं नये. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशीं भेटीस जाऊं नये, आणि गेल्यावर प्रथम हात धुवावे.

मंडळीनें कामें वांटून घ्यावीं. एकानें गाडीपर्यंत पोंचवावें, दुसऱ्यानें शेळ्या पाहाव्या, तिसरीनें मुलांस जेवूं घालावें. ज्यास वाचतां येतें त्यानें कागदपत्रांचें काम अंगावर घ्यावें. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या पुष्कळ उपचारांचा खर्च मिळतो. योजनेंतील रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात, त्यांस शिधापत्रिका दाखवून विचारावें. उपचारासाठीं जाणाऱ्या कर्करोग्यास आगगाडीच्या भाड्यांतही सवलत आहे. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय प्रसिद्धच आहे, आणि तेथें येणाऱ्या गरीब रोग्यांस दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेंत आसरा मिळत आला आहे. परंतु सर्वांस मुंबईसच जावें लागतें असेंही नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथेंही कर्करोगाचें रुग्णालय आहे. जवळ कोणता उपचार मिळेल हें आपल्या डॉक्टरांस आधीं विचारावें.

५. रोग हटत नाहीं तेव्हां

सर्वच रोगी बरे होत नाहींत, हें सत्य झांकून ठेवूं नये. रोग्यानें विचारलें असतां त्यास खोटें सांगूं नये. त्याला आपल्या घराची, मुलांची, देण्याघेण्याची व्यवस्था लावावयाची असते. मात्र रोग हटत नाहीं म्हणून करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें मुळींच नाहीं. वेदना शमवितां येते. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं कर्करोगाच्या वेदनेसाठीं तीन पायऱ्यांची औषधपद्धति सांगितली. साध्या गोळीपासून आरंभ करून, गरज पडेल तसें मॉर्फिनपर्यंत चढावयाचें. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें वेळच्या वेळीं घेतलेलें मॉर्फिन हें व्यसन नव्हे, औषध आहे. त्याच १९८६ सालीं मुंबईंत वांद्रें येथें शांति आवेदना सदन सुरू झालें. बरे न होणाऱ्या कर्करोग्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारें असें तें या देशांतील पहिलें घर होय. बरें होण्याची आशा मावळली, तरी आज वेदना नसावी, उद्यां मुलगी भेटावी, रात्रीं कोणी उशाशीं असावें, या आशा उरतातच. आणि त्या पुऱ्या करणें आपल्या हातीं असतें.

आतां त्या बाईचें पुढें काय झालें तें सांगतों. त्या सोमवारीं पहाटे उपदेशक कंदील घेऊन तिच्या दारीं गेले. दुसऱ्या खेपेस मंडळींतील एक तरुण गेला, तिसऱ्या खेपेस शेजारीण. पांचव्या डोसाच्या वेळीं ती गाडींत बसून रडली, आणि बरोबर गेलेल्या शेजारणीनें तिला गप्प केलें नाहीं. आठ डोस पुरे झाले. आतां ती ठरल्या दिवशीं तपासणीस जाते. पुढें काय वाढून ठेविलें आहे हें तिला ठाऊक नाहीं, आणि आम्हांसही नाहीं. परंतु तिची एकही तारीख चुकली नाहीं, आणि एकाही तारखेस ती एकटी गेली नाहीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. रक्त कमी भरल्यामुळें डोस पुढें ढकलला, याचा खरा अर्थ काय?
२. केमो चालू असतां ताप आला तर घरच्यांनीं काय करावें?
३. रोग्यास "रडूं नका" असें म्हणण्याऐवजीं आपण काय विचारावें?
४. आपल्या गांवांत असा कोणी रोगी आहे काय? त्याची पुढची तारीख कधीं आहे, आणि बरोबर कोण जाणार?

चवथ्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून वर्ग उठवूं नये.