कुशीचे पोहणे

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वाटेत वलगाव लागते. गावाजवळून पेढी नदी वाहते. उन्हाळ्यात तिचे पात्र अगदी केविलवाणे दिसते. परंतु पावसाळ्यात हीच पेढी भरून पूर्णेकडे धावू लागली, म्हणजे नदीकाठच्या मुलांना पोहता येणे ही केवळ मौजेची गोष्ट राहत नाही.

वऱ्हाडातील मुले विहिरीत, कमरेला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहणे शिकत आली आहेत. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेत हीच विद्या शास्त्रशुद्ध रीतीने शिकता येते. छातीवर व पाठीवर पोहणे पुष्कळांना येते. कुशीवर पोहणे मात्र थोडेच जण आवर्जून शिकतात.

या प्रकारात पोहणारा पाण्यावर एका कुशीवर आडवा होतो. त्याचा एक कान पाण्यात असतो. नाक व तोंड बाहेर राहते. खालचा हात डोक्यापुढे लांब केलेला असतो व वरचा मांडीला टेकलेला असतो. मग गुडघे वाकवून तो दोन्ही हात छातीजवळ आणतो. खालच्या हाताने जणू पाणी आणून द्यावे आणि वरच्याने ते पायांकडे लोटावे! त्याच क्षणी, पुढेमागे फाकलेले पाय कात्रीच्या पात्यांप्रमाणे जोराने मिटतात आणि शरीर सरकन पुढे जाते. पुढचा हात मारण्याची घाई करू नये. या सरकण्यातच विसावा मिळतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शर्यतींत ही रीत लोकप्रिय होती. १९०४ साली सेंट लुईस येथील ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या एमिल राउशने कुशीवर पोहून दोन लांब शर्यती जिंकल्या. पुढे अधिक वेगवान प्रकार आले आणि शर्यतींतून ती मागे पडली.

परंतु बुडत्याला काठावर आणताना वेगापेक्षा मोकळा हात अधिक मोलाचा असतो. एका हाताने त्याच्या छातीला मागून विळखा घालायचा, त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने व पायांच्या कात्रीने पुढे सरकायचे, हे कुशीवरच साधते. काठही सतत नजरेसमोर राहतो. तरीही हे काम मुलांचे नव्हे. भेदरलेला मनुष्य वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो व दोघेही बुडतात. म्हणून पट्टीचा पोहणारादेखील उडी टाकण्यापूर्वी जवळ दोर, बांबू किंवा एखादे लांब धोतर मिळते का, ते आधी पाहतो.