फलश्रुती आधी, पारायण नंतर

प्रश्न : माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे ग्राऊंडवर जाताना, येताना, शेतात पाणी देताना, रात्री झोपतानासुद्धा त्याच्या कानात प्रेरणादायी ऑडिओबुक चालूच असतं. “काका, २१ दिवसांत माणूस बदलतो,” असं मलाच ऐकवतो. मी सोयाबीन पेरणारा माणूस. मलाही त्यानं दोन पुस्तकं ऐकवली. ऐकताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ही पुस्तकं म्हणतात तसं खरंच होतं का? तो आता वर्षभराची वर्गणी भरायची म्हणतो.
— एक शेतकरी वाचक, ता. रिसोड, जि. वाशिम

उत्तर : बरे वाटले, तेवढे पदरात पडलेच. चांगल्या आवाजात कुणीतरी तासभर धीर देत राहिले की मनाला उभारी येते, आणि कष्टाच्या दिवसात तीही लाखमोलाची असते. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याहून बरेच काही कबूल केलेले असते. तुमचा प्रश्न त्या कबुलीचा आहे.

आधी पुतण्याचे २१ दिवस पाहू. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढच्या लेखकांनी ‘किमान’ गाळले, चेहराही गाळला आणि आकडा तेवढा ठेवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी प्रत्यक्ष तपासल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचे काम १८ दिवसांत झाले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. पुतण्याला हे जरूर सांगा; बाविसाव्या दिवशी निराश होण्यापासून तो वाचेल.

आता ऐकण्याची गोष्ट. १९९१ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्या काळी अमेरिकेत ‘स्मरणशक्ती वाढवा’, ‘आत्मविश्वास वाढवा’ अशा कॅसेट खपत. संगीताखाली कानाला न जाणवणारे संदेश दडवले आहेत, असा विक्रेत्यांचा दावा असे. संशोधकांनी २३७ लोकांना या कॅसेट ऐकायला दिल्या, पण निम्म्यांच्या चिठ्ठ्या बदलून टाकल्या. म्हणजे वर स्मरणशक्ती लिहिलेले, आत मात्र आत्मविश्वास. महिनाभराने चाचण्या घेतल्या, तर आतल्या कॅसेटचा ठरलेला परिणाम कुठेच सापडला नाही. तरी एक तृतीयांशाहून जास्त लोक म्हणाले की आमच्यात सुधारणा झाली. आणि सुधारणा कशात, तर चिठ्ठीवर लिहिलेल्या गोष्टीत!

तुमच्या पुतण्याची ऑडिओबुके उघड बोलतात, त्यामुळे हा प्रयोग त्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण ‘मला फरक पडला’ या साक्षीवर किती विसंबायचे, ते यावरून कळते. या पुस्तकांच्या जाहिराती सगळ्या याच साक्षीवर उभ्या आहेत. ज्यांना काहीच फरक पडला नाही, ते अभिप्राय लिहायला बसत नाहीत.

ऐकायच्या प्रेरणेचा हा प्रकार कुठे जन्मला हेही पाहण्यासारखे आहे. अर्ल नाइटिंगेल हे अमेरिकन रेडिओ निवेदक एक विमा एजन्सीही चालवत. आपण नसताना विक्रेत्यांना धीर मिळावा म्हणून १९५६ मध्ये त्यांनी ‘द स्ट्रेंजेस्ट सीक्रेट’ हे भाषण ध्वनिमुद्रित केले. त्या तबकडीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या आणि बोलक्या प्रेरणेचा धंदा उभा राहिला. विमा विकणाऱ्याला सकाळचा असा डोस लागू पडतो, यात नवल नाही. दहा दारांवर नकार पचवून अकरावे दार ठोठावणे हेच त्याचे काम, आणि तिथे हिंमत हेच भांडवल असते. तुमचे गणित वेगळे आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. त्या फरकाला तुमची मानसिकता जबाबदार नव्हती. ‘विचार बदला, परिस्थिती बदलेल’ हे वाक्य मला म्हणूनच खटकते. परिस्थिती नाही बदलली तर दोष ऐकणाऱ्याच्या विचारांवर टाकून पुस्तक मोकळे होते.

वचने आपल्या परंपरेतही आहेत. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान मानले जाणारे कारंजा तुमच्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा गुरुचरित्राचा सप्ताह तुम्ही पाहिलाच असेल. फलश्रुती तिथेही मोठी असते. पण आधी सात दिवसांचे वाचन, खाण्यापिण्याचे नियम, जमिनीवर झोपणे, आणि फळाची गोष्ट शेवटी. ऑडिओबुकात फलश्रुती पहिल्याच मिनिटाला ऐकवतात, आणि नियम पाळले की नाही हे विचारायला कुणी नसते. रात्री अर्ध्यात झोप लागली तरी ॲपवर ‘पुस्तक पूर्ण’ असेच दिसते.

या पुस्तकांचा काही वेळा उलटा परिणामही होतो. आरशासमोर उभे राहून ‘मी श्रेष्ठ आहे’ असे घोकायला अनेक पुस्तके सांगतात. कॅनडात जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासले. स्वतःविषयी मुळातच बरे मत असलेल्यांना अशा वाक्यांनी किंचित बरे वाटले. ज्यांना स्वतःची किंमत कमी वाटत होती, त्यांना आणखी वाईट वाटले. ज्याला गरज, त्यालाच औषध बाधावे, असा हा प्रकार.

पुतण्यासाठी मात्र गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जर्मनीत नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा त्यांनी पाठपुरावा केला. आपण नोकरीत चमकतोय अशी सुखद चित्रे मनात जास्त रंगवणाऱ्यांना दोन वर्षांनी नोकऱ्या कमी मिळाल्या होत्या, पगारही कमी होते. मनाला यश आधीच चाखायला मिळाले की अंग ढिले पडते, असा त्यांचा अर्थ. त्यांचा उपाय साधा आहे : इच्छा मनात आणा, लगेच तिच्या आड येणारी आपली स्वतःची अडचण शोधा, आणि ती समोर आली की काय करायचे ते आधीच ठरवा. वर्दीतला स्वतःचा फोटो डोळ्यांसमोर आणून पुतण्याचे भागणार नाही. त्याच्या मैदानी चाचणीत ५० गुण आहेत, त्यातले २० सोळाशे मीटरचे. लेखी १०० गुणांची. अंकगणित कच्चे असेल तर अडचण ती आहे, आणि ती कानाने सुटत नाही, वहीवर सुटते.

सगळी पुस्तके मात्र एका मापाने मोजू नका. डेव्हिड बर्न्स यांचे ‘फीलिंग गुड’ (१९८०) चाचण्यांना उतरलेले आहे; सौम्य ते मध्यम नैराश्यात ते वाचून लोकांना खरेच उतार पडला. पण त्यात पेन घेऊन भरायचे तक्ते आहेत. मोटारसायकलवर ऐकून ते भरले जात नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पत्र वाशिमहून आले आहे. झोप उडाली असेल, कर्जाच्या विचाराने जीव नकोसा होत असेल, तर तिथे ऑडिओबुकाचे काम नाही. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आहे, वाशिम त्यात आहे. गावातल्या आशाताईंशी बोला, जिल्हा रुग्णालयात जा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येते.

राहिली वर्गणी. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचे ॲप भारतात आल्यापासून मराठीत कादंबऱ्या, चरित्रे, कथा ऐकायची चांगली सोय झाली आहे. तेवढ्यासाठी पैसे द्यायला माझी हरकत नाही. आयुष्य बदलायच्या आशेने मात्र देऊ नका. आधी एका महिन्याचीच वर्गणी भरू द्या, प्रेरणेचे पुस्तक एका वेळी एकच ऐकू द्या, आणि त्यात सांगितलेले एक काम पुरे झाल्याशिवाय दुसरे लावू देऊ नका. पैसे भरताना ऑटो-पे सुरू झाले का, तेही पाहा. झाले असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन त्याच दिवशी बंद करा.